आलेख देखणा करायचाय: मॅटप्लॉटलिब की जीजीप्लॉट२?

कोड लिहून आलेख काढायची ही दोन साधनं. जिल्हावार पावसाचे साधे स्तंभालेख मी दोन्हींत काढून पाहिले.

पायथन भाषेतलं मॅटप्लॉटलिब २००३ पासून आहे, आणि त्याचा स्वभाव गवंड्याचा: सांगाल तिथेच वीट लावणार. वरची आणि उजवीकडची चौकटरेघ नकोय? स्वतः बंद करा. अक्षाखालची नावं एकमेकांवर चढली? स्वतः तिरकी करा. आलेख नेटका होईपर्यंत वीसेक ओळी सहज होतात, पण हवा तो कोपरा हलवता येतो. रंग मात्र आता बरे आहेत. २०१७च्या २.० आवृत्तीत आपोआप मिळणारी रंगपट्टी बदलली: जुनी इंद्रधनुषी 'जेट' जाऊन 'व्हिरिडिस' आली. ती रंगांधांनाही वाचता येते आणि कृष्णधवल छापला तरी चढउतार कळतो.

आर भाषेतल्या जीजीप्लॉट२मध्ये रेघा नाही, नाती सांगायची: तक्त्यातला हा रकाना क्ष-अक्षावर, तो रंगात. पुढे थर 'अधिक' चिन्हाने जोडत जायचे. राखाडी पार्श्वभूमी मला आवडत नाही, पण 'थीम_मिनिमल' एवढं जोडलं की ती जाते. जिल्ह्याजिल्ह्याचे छोटे आलेख शेजारी मांडायलाही एकच ओळ पुरते.

खरा फरक मराठीत पडला. माझ्याकडच्या मॅटप्लॉटलिबने फॉन्ट बरोबर असूनही 'हिंगोली'तली वेलांटी 'ह'च्या पलीकडे नेऊन ठेवली, जोडाक्षरंही फुटली. जीजीप्लॉट२चं चित्र 'रॅग' या आरच्या चित्र साठवणाऱ्या पॅकेजमधून साठवलं, तर अक्षरं जागच्या जागी.

मराठी नावांचे आलेख असतील तर मी आरच उघडतो. बाकी रोजचं काम पायथनमध्येच, मॅटप्लॉटलिबवरच बांधलेल्या सीबॉर्नची थीम चढवून.