स्पिरुलिनाच्या डब्यावरचा ‘लॅब टेस्टेड’ शिक्का आणि मला लागलेला चुना

सध्या जो तो हिरवी पावडर पाण्यात ढवळून पितोय म्हणून लिहितेय. स्पिरुलिना, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाची ही पावडर, घेत असाल किंवा घ्यायचं डोक्यात असेल तर वाचाच.

मी काही डोळे झाकून घेतली नव्हती. स्पिरुलिना बऱ्याचदा उघड्या तळ्यांत वाढवतात, पाण्यात शिसं, आर्सेनिक असलं तर ते शेवाळ शोषून घेतं, आणि सोबत एखादं विषारी शेवाळ वाढलं तर त्यातलं मायक्रोसिस्टिन थेट लिव्हरला धरतं, हे सगळं वाचलेलं होतं. म्हणूनच मुद्दाम रिपोर्ट दाखवणारी कंपनी शोधून ऑनलाइन मागवली. डब्यावर सोनेरी गोल शिक्का, खाली क्यूआर कोड, स्कॅन केला की ऐटदार पीडीएफ उघडते, लॅबचा लोगो, सही, आणि शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा सगळ्यांपुढे ‘एनडी’, म्हणजे नॉट डिटेक्टेड. अजून काय पाहिजे माणसाला!

दुसरा डबा आला तो पिवळट आणि कुबट वासाचा. बॅच नंबर वेगळा, पण कोड स्कॅन केला तर पीडीएफ तीच, तारीखही तीच. मग म्हटलं जरा झूम करून बघू.

रिपोर्टवरचा बॅच नंबर दोन्हीपैकी एकाही डब्याशी जुळेना. सॅम्पलचं वर्णन नुसतं ‘ग्रीन पावडर’ आणि तळाला बारीक अक्षरात, सॅम्पल ग्राहकाने दिलेलं, निकाल फक्त त्या सॅम्पलपुरता. इथे ग्राहक म्हणजे आपण नाही हां, कंपनी! त्यांनी लॅबला काय पाठवलं ते देव जाणे. मायक्रोसिस्टिनची तर टेस्टच नाही.

पण खरी मेख ‘एनडी’च्या शेजारच्या कॉलममधे. शिशासाठी डिटेक्शन लिमिट 5 पीपीएम. म्हणजे ग्रॅममागे 5 मायक्रोग्रॅमच्या खालचं शिसं त्या टेस्टला दिसणारच नाही. डब्यावर रोजचा डोस 10 ग्रॅम, म्हणजे रोज जवळपास 50 मायक्रोग्रॅम पोटात गेलं तरी रिपोर्ट म्हणणार ‘एनडी’. अमेरिकेच्या एफडीएने मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी दिवसभराच्या सगळ्या खाण्यातून मिळून 8.8 मायक्रोग्रॅमची पातळी धरलीय, आणि कॅलिफोर्नियात तर दिवसाला 0.5 च्या वर गेलं की वॉर्निंग द्यावी लागते. करा हिशोब. आयसीपी-एमएस नावाच्या जास्त बारीक टेस्टला याच्या कितीतरी खालचं, पीपीबीमधलं (पीपीएमचा हजारावा भाग) शिसंही सापडतं, पण इथे टेस्टच्या पद्धतीचा रकानाच रिकामा.

लॅबला मेल करून रिपोर्ट नंबर कळवला. दोन ओळींचं उत्तर आलं, नंबर आमचा आहे पण रिपोर्ट दुसऱ्याच प्रॉडक्टचा आहे, नाव बदललेलं दिसतंय. तो मेल कंपनीला पाठवला तर आधी ‘मॅम आमचं प्रॉडक्ट 100 टक्के नॅचरल आहे’ (अहो शिसं पण नॅचरलच असतं), मग ‘क्वालिटी टीम बघतेय’, मग रिफंडऐवजी कूपन घ्या, आणि शेवटी सरळ ब्लॉक. माझा रिव्ह्यू उडवला, पाच स्टारवाले सगळे शाबूत.

आता कोणाकडूनही घ्यायच्या आधी मी मेसेज टाकते की जो डबा मला पाठवणार त्याच बॅचचा रिपोर्ट द्या, टेस्टची पद्धत आणि डिटेक्शन लिमिट दिसलं पाहिजे, आणि नंबर मी लॅबकडून पडताळणार आहे. यूएसपी, एनएसएफ अशा प्रॉडक्ट तपासून शिक्का देणाऱ्या स्वतंत्र संस्थांचा शिक्का असेल तर त्यांच्याच साइटवर प्रॉडक्टचं नाव शोधायचं, डब्यावर काय कोणीही काहीही छापतं. या मेसेजनंतर बहुतेक जण गायबच होतात. एकाने मात्र कुरकुर न करता अख्खा रिपोर्ट पाठवला, लॅबनेही दुजोरा दिला. त्यात ‘एनडी’ नव्हतं, शिसं सापडलं होतं आणि आकडा स्पष्ट छापला होता, 0.08 पीपीएम. 5 ग्रॅमच्या डोसला 0.4 मायक्रोग्रॅम. मी तीच घेतली.