माहीमची बुधवारची नोव्हेना : तीन चिठ्ठ्या, नऊ बुधवार

माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या नोव्हेनाबद्दल, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेबद्दल, लोक बोलतात ते बहुतेक नोकरी लागली, व्हिसा मिळाला, मूल झालं, असं. मी गेले ती दुसऱ्यांसाठी. सलग नऊ बुधवार, एकही न चुकवता. आपल्या माणसासाठी ज्यांना जायचं आहे आणि तिथे नेमकं काय करायचं हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी वसईची. मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात 31 वर्षं स्टाफ नर्स होते, आता घरी असते. 2024 च्या एप्रिलमध्ये माझ्या माणसांच्या तीन अडचणी एकदम समोर होत्या. वॉर्डातली माझी जोडीदारीण, जिच्याबरोबर माझी अर्धी नोकरी नाइट ड्युटीत गेली, तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. बहिणीचा मुलगा जहाजावर आहे. 2023 च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते आणि याचं जहाज त्याच वाटेनं निघालेलं. बहिणीला झोप नव्हती. आणि माझे दोन भाऊ बावखलावरून एकमेकांचं तोंड बघेनासे झाले होते.

वसईबाहेरच्यांना बावखल म्हणजे काय ते सांगायला हवं. वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि त्यावर केळी, भाजी, पानवेल जगते. थोरल्या दादाला ते बुजवून तिथे मुलासाठी घर बांधायचं आहे. धाकटा म्हणतो, बावखल गेलं की विहीर खारी होणार. चौदा महिने बोलणं बंद. एकाच आवारात दोन दारं, आणि मधल्या अंगणात झाडू मारायला दोन्हीकडचं कुणी तयार नाही. आईनं सारवलेलं अंगण ते. मला बघवत नव्हतं.

पहिला बुधवार 1 मेचा होता, म्हणजे सुट्टीचा. वसईहून फास्ट गाडी पकडली तर वांद्र्याला उतरायचं आणि तिथून स्लो धरून एक स्टेशन पुढे माहीम. वांद्र्याहून रिक्षानं जाऊ असं मनात असेल तर काढून टाका, रिक्षा खाडीच्या अलीकडेच थांबतात. टॅक्सी किंवा बस मिळते. मी माहीम स्टेशनाला पश्चिमेकडे उतरून चालत जायची, गुडघे धरलेले असतानाही दहा-पंधरा मिनिटांत पोचायची. सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना चालतात, मराठीतही. कुठली किती वाजता ते जाण्याआधी विचारून घ्या. गर्दी असणार हे धरूनच निघा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर अर्धा तास आधी पोचा, म्हणजे बाक मिळतो.

चर्च जुनं आहे, पोर्तुगीजांनी 1534 मध्ये उभारलेलं. आजची इमारत मात्र 1973 ची, त्यामुळे जुन्या वसईच्या चर्चांसारखं काही डोळ्यांत भरेल असं समजून जाऊ नका. आम्हा वसईकरांना मात्र एक गोष्ट माहीत असावी. 1739 मध्ये, मराठ्यांनी वसई घेतली त्या साली, वांद्र्याच्या डोंगरावरची मतमाउलीची, म्हणजे माउंट मेरीची, मूर्ती इथेच आणून ठेवली होती आणि 1761 पर्यंत ती इथेच राहिली. बावीस वर्षं. पळून आलेल्याला आसरा द्यायची या जागेला तेव्हापासून सवय आहे असं मला वाटतं.

नोव्हेना त्यानंतर खूप उशिरा आली. इथले त्या वेळचे धर्मगुरू फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी 1948 मध्ये बेलफास्टला सदा साहाय्य करणाऱ्या मातेची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, ही भक्ती पाहिली आणि परतल्यावर 8 सप्टेंबर 1948 रोजी माहीमला पहिली नोव्हेना झाली. मरियेचा जन्मदिवस, आणि वारही बुधवारच. नोव्हेना म्हणजे नऊ. येशू स्वर्गात गेल्यावर शिष्य मरियेबरोबर पवित्र आत्म्याची वाट पाहत प्रार्थना करत होते, त्या नऊ दिवसांवरून. माहीमला ते नऊ दिवस नऊ बुधवार झाले.

चर्चमधल्या या मातेच्या तसबिरीपुढे मात्र जरा थांबा. बहुतेक जण हात जोडून, मेणबत्ती लावून पुढे सरकतात. मूळ चित्र रोमला संत अल्फोन्सच्या चर्चमध्ये आहे, 1866 पासून. नीट पाहिलंत तर मरियेच्या कडेवरचं बाळ तिच्याकडे बघत नाहीये, मान वळवून मागे बघतं आहे. वर दोन्ही बाजूंना दोन देवदूत आहेत. आपल्या डाव्या हाताला मिखाएल, त्याच्याकडे भाला आणि स्पंज. उजवीकडे गॅब्रिएल, त्याच्या हातात क्रूस आणि खिळे. पुढे येशूला क्रूसावर मारलं तेव्हाची ही साधनं. बाळानं ते पाहिलंय आणि घाबरून आईला बिलगलंय, दोन्ही हातांनी तिचा एक हात धरलाय, आणि त्या धावपळीत पायातली एक चप्पल सुटून नुसत्या बंदावर लोंबते आहे. ती चप्पल मला तिसऱ्या बुधवारी दिसली. लहान मुलांच्या वॉर्डात मी सहा वर्षं काढली आहेत. सुई बघितलेलं मूल आईला कसं चिकटतं आणि त्याची एक चप्पल कशी खाटेखाली राहते, हे मला कुणी सांगायला नको. आणि आई काय करते? सुई थांबवू शकत नाही ती. धरून ठेवते. तिची नजर त्या वेळी मुलाकडेही नसते, डॉक्टरकडे असते. चित्रातली मरिया आपल्याकडे बघते आहे.

आता प्रार्थनेबद्दल. पहिल्या दोन बुधवारी मी जे केलं त्याला मी स्वतः प्रार्थना म्हणणार नाही. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ लहान दिसू दे, दादाला अक्कल दे, जहाज दुसऱ्या वाटेनं वळू दे, अशी यादी मी देवाला देत होते. घरी यायची ती दमून. तिसऱ्या आठवड्यात बायबलमधला काना गावच्या लग्नाचा उतारा वाचनात आला. लग्नघरात द्राक्षारस संपतो आणि मरिया मुलाला एवढंच सांगते, ‘त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही.’ काय कर, कसं कर, कधी कर, यातलं काही नाही. तीन शब्द, तेही दुसऱ्याच्या घरच्या अडचणीचे.

तेव्हा मला आमची ओव्हर आठवली. ड्युटी संपताना पुढच्या पाळीच्या सिस्टरला आम्ही ओव्हर देतो. खाटेखाटेपाशी उभं राहून सांगायचं, बेड सात, वय अमुक, काल ऑपरेशन झालं, ताप आहे, लघवी कमी होते आहे, रात्री नातेवाईक कुणी नव्हतं. जे आहे तेच सांगायचं, त्यात आपलं मत घालायचं नाही आणि काही लपवायचंही नाही. आणि ओव्हर दिली की घरी जायचं. नवीन मुली ओव्हर देऊनही दारात घुटमळतात, पेशंट सोडवत नाही त्यांना. त्यांना मी सांगायची, जा, आता ती बघेल.

चौथ्या बुधवारपासून मी ओव्हर द्यायला लागले. बेड एक, माझी जोडीदारीण, डोळे पिवळे झालेत, खाणं बंद, मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. बेड दोन आणि तीन, माझे भाऊ. बेड चार, भाचा, त्याची आई जागी आहे. त्यानंतर जपमाळेतल्या ‘नमो मरिये’. ती प्रार्थना लहानपणापासून पाठ असल्यामुळे तिच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तिच्यात आपण मरियेकडे काही मागतच नाही. आमच्यासाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, एवढंच म्हणतो. जी दुसऱ्यांसाठी बोलते तिलाच आपण दुसऱ्यांसाठी बोल म्हणतो. त्या रात्री मला झोप लागली. बरेच दिवसांनी.

चिठ्ठ्यांचं सांगते. आपली विनंती किंवा आभार कागदावर लिहून द्यायचे असतात. त्यातल्या काही नोव्हेनाच्या वेळी वाचून दाखवतात, नाव न घेता. मला इथलं हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. कुणाच्या तरी नवऱ्याची दारू सुटू दे, कुणाचा तरी मुलगा घरी परत येऊ दे, असं वाचलं जातं आणि सगळं चर्च एका आवाजात उत्तर देतं. त्या आवाजात कपाळाला कुंकू लावलेल्या बायका असतात, बुरख्यातल्या असतात, ऑफिसची बॅग पाठीवर घेऊन उभी राहिलेली मुलं असतात. त्यातल्या कुणालाच ते घर माहीत नाही. माझी चिठ्ठी नऊ बुधवारांत एकदाही वाचली गेली नाही. पण पाचव्या बुधवारी आईच्या घरावरून भांडलेल्या दोन बहिणींची चिठ्ठी वाचली, आणि मी माझ्या भावांसाठी जेवढी रडले नव्हते तेवढी त्या बहिणींसाठी रडले.

बाहेर मेणाच्या वस्तू मिळतात. हात, पाय, बाळ, घर. ज्याची अडचण त्याप्रमाणे घेऊन वाहायची. मी विकणाऱ्या बाईला विचारलं, दोन भावांचं भांडण मिटावं म्हणून काय वाहतात? तिनं टोपलीत खालीवर बघितलं, आधी घर उचललं, परत ठेवलं. मग दोन साध्या मेणबत्त्या दिल्या आणि म्हणाली, ‘एकाच ज्योतीवर पेटवा ताई.’ तसंच केलं.

आता एक कडू गोष्ट. नाव लिहीत नाही. ओळखीच्या एका बाईला कुणीतरी आजार बरे करण्याच्या एका मोठ्या सभेला नेलं होतं. तिथे तिला सांगण्यात आलं, इन्सुलिन घेतेस म्हणजे तुझा विश्वास कमी आहे. तिनं बंद केलं. पायाची जखम चिघळली तेव्हा ती माझ्याकडे आली, आणि मी तिला उचलून डॉक्टरकडे नेली. दोन बोटं गेली. त्या दिवसापासून कुठल्याही प्रार्थनेच्या जागेबद्दल मी पहिल्यांदा हेच बघते, की तिथे औषध सोडायला सांगतात का. माहीमच्या माझ्या नऊ बुधवारांत असलं काही माझ्या कानावर आलं नाही. आमच्या बायबलात बेन सिराच्या पुस्तकात स्पष्टच आहे, वैद्याचा मान राखा, त्यालाही देवानंच निर्माण केलंय. प्रार्थनेला जाताना पेशंटच्या गोळ्या पिशवीत घेऊन जा आणि वेळ झाली की तिथेच बाकावर द्या.

माझी जोडीदारीण सहाव्या आणि सातव्या बुधवारच्या मधल्या शनिवारी गेली. लोक विचारतात, मग नोव्हेनाचा उपयोग काय झाला? मी तिच्यासाठी बरं होणं मागितलं होतं, ते मिळालं नाही, आणि ते मला लागलं. अजून लागतं. पण शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी होते. तिला कळत होतं की बुधवारी तिचं नाव घेतलं जातं. ती हिंदू, रोज ज्ञानेश्वरीची एक ओवी वाचणारी. मला म्हणाली, ‘माझी ओव्हर नीट दिलीस ना गं?’ सातव्या बुधवारी पाऊस होता. मी तिचं नाव यादीतून काढलं नाही, फक्त बरं होऊ दे ऐवजी विसावा दे म्हटलं.

भाचा सुखरूप आला. बहीण त्याला चमत्कार म्हणते. त्याच समुद्रात दुसऱ्या जहाजांवरचे खलाशी मेले, त्यांच्याही आया कुठेतरी गुडघ्यांवर होत्या, म्हणून मी तो शब्द वापरत नाही. आभाराची चिठ्ठी मात्र मी लिहिली, आणि तिच्यात त्यांच्यासाठी एक ओळ घातली.

भावांचं भांडण मिटलेलं नाही. पण एक सांगते. इतके महिने मी मनातून धाकट्याच्या बाजूची होते. बावखल वाचलं पाहिजे हे मला आजही पटतं. पण ओव्हर देताना एकाची नीट आणि दुसऱ्याची उडवाउडवीची देता येत नाही. दादाची ओव्हर द्यायची तर त्याच्याबद्दल मला काही माहीत असायला हवं होतं, आणि मी तर त्याच्या दाराची पायरी चौदा महिने चढले नव्हते. आठव्या बुधवारी परत येताना सरळ त्याच्याकडे गेले. वहिनीनं चहा टाकला. कळलं की त्याच्या मुलानं घरासाठी कर्ज काढलंय आणि हप्ते सुरूही झालेत. दादा बारीक झालाय. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. धाकट्याला मी हे सांगितलं, तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी अंगण कुणीतरी झाडलेलं होतं. कुणी, ते मी विचारलं नाही.

नववा बुधवार 26 जूनचा, मातेच्या सणाच्या आदल्या दिवशीचा, त्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. चिठ्ठी लिहीत होते तर शेजारची बाई म्हणाली, ताई, माझी पण लिहून द्याल? हात थरथरत होते तिचे. सुनेसाठी लिहायचं होतं, मुलासाठी नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. सून माहेरी निघून गेली होती आणि चूक आमची होती असं लिहा, म्हणाली. मी लिहिलं. वाचून दाखवलं. तिनं कागद घडी करून पेटीत टाकला आणि गर्दीत गेली. त्या सुनेचं नाव मी अजून घेते.

तेव्हा गेलात तर दोन पेनं न्या. तिथे कुणीतरी मागतंच.