ज्येष्ठांच्या वसाहतीत स्वतंत्र भूखंड : चौदा महिन्यांच्या वास्तव्यानंतर

तळेगाव दाभाड्याच्या बाजूला ज्येष्ठ नागरिकांसाठी उभ्या राहिलेल्या एका वसाहतीत आम्ही उभयतांनी तीन गुंठ्यांचा, म्हणजे ३,२६७ चौरस फुटांचा भूखंड घेतला, त्यावर एकमजली घर बांधले आणि तेथे राहायला येऊन आता चौदा महिने झाले. माझे वय ७१ आहे, पत्नीचे ६८. एक पूर्ण पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा आणि दुसऱ्या पावसाळ्याचा निम्मा भाग या घरात काढल्यानंतर, भूखंड निवडताना आम्ही काय पाहिले आणि काय पाहायला हवे होते, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. घराबद्दल आम्ही समाधानी आहोत. जागेच्या निवडीबद्दल तसे म्हणता येत नाही.

वसाहत उतारावर आहे. खालच्या अंगाला प्रवेशद्वार, भोजनगृह आणि दवाखाना, वर भूखंडांच्या ओळी. आम्ही जानेवारीच्या प्रसन्न सकाळी मोटारीने थेट वर गेलो, समोरचे डोंगर पाहिले आणि सर्वांत वरच्या ओळीतला भूखंड पसंत केला. भोजनगृहापासून तेथपर्यंतचे साडेतीनशे मीटर अंतर आम्ही त्या दिवशी एकदाही पायी चाललो नाही, ही आमची सर्वांत मोठी चूक. रस्त्याचा बहुतेक भाग सौम्य आहे, परंतु शेवटच्या साठ मीटरांत दर दहा फुटांना एक फूट चढ आहे. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उतारमार्गाला बारा फुटांना एक फूट ही मर्यादा मानतात, म्हणजे आमच्या दारासमोरचा सार्वजनिक रस्ताच त्या मर्यादेपेक्षा तीव्र आहे. गेल्या नोव्हेंबरात पत्नीची गुडघेबदल शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरचे जवळजवळ अडीच महिने ती भोजनगृहात जाऊ शकली नाही. बॅटरीवरची गाडी दर तासाला येते, पण रात्री आठनंतर नाही. जेवणाचा डबा घरी येत असे आणि त्याची तक्रार करण्यासारखे काही नव्हते. मात्र ज्या चार माणसांच्या सोबतीसाठी आम्ही शहर सोडून येथे आलो, ती सोबतच नेमकी गरजेच्या दिवसांत तुटली. तिसऱ्या ओळीत राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांची अशीच शस्त्रक्रिया झाली होती, आणि ते पाचव्या आठवड्यात वॉकर घेऊन सर्वांबरोबर जेवायला बसत होते.

चढाचा दुसरा परिणाम जोत्यावर, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतच्या बांधीव उंचवट्यावर होतो, आणि त्याची कल्पना आराखडा हाती येईपर्यंत आम्हाला आली नाही. आमच्या भूखंडालाही उतार असल्यामुळे घराचे जोते पुढच्या बाजूस अडीच फूट उंच घ्यावे लागले. बारास एक या प्रमाणाने त्यासाठी तीस फूट लांबीचा उतारमार्ग हवा, आणि समोर मोकळी सोडलेली जागा केवळ दहा फूट. शेवटी तो मार्ग घराच्या कडेने वळवून न्यावा लागला, आणि ज्या बागेसाठी सदनिका न घेता भूखंड घेतला, त्या बागेची एक पूर्ण बाजू त्यात गेली. सपाट भूखंडावर सहा इंचांचे जोते चालते आणि त्याला सहा फुटांचा उतारमार्ग पुरतो. भूखंड पसंत करण्यापूर्वीच वास्तुविशारदाला जागेवर नेऊन हे एवढे गणित करून घेतले असते, तर निर्णय बदलला असता.

वरच्या ओळीचे फायदेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. चाचणीसाठी खोदलेल्या खड्ड्यात आम्हाला तीन फुटांवर मुरूम, म्हणजे पाया धरणारा घट्ट थर लागला. अगदी खालच्या ओळीत काळी माती खोल आहे, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून तेथील पाया अधिक खोल न्यावा लागला. जुलैमध्ये वरून वाहत येणारे पाणीही त्या ओळीतील दोन घरांच्या अंगणांत साचले, कारण गटाराची रुंदी अपुरी होती. याउलट, पाण्याची उंच टाकी आणि आमचे घर जवळजवळ एकाच पातळीवर असल्यामुळे आमच्या नळांना दाब मिळत नाही, आणि स्वतंत्र साठवण टाकी व पंप बसवावा लागला. अगदी भोजनगृहालगतच्या भूखंडांना जनरेटरचा आवाज आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा वास सोसावा लागतो. माझ्या मते येथे दुसरी आणि तिसरी ओळ सर्वांत योग्य, आणि आम्ही आलो तेव्हा त्या दोन्ही ओळींत भूखंड शिल्लक होते.

दिशेबाबत आम्ही पूर्वाभिमुख दार एवढेच पाहिले. त्यामुळे निजण्याची खोली पश्चिमेला गेली, आणि एप्रिल-मे महिन्यांत तिची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. येथे लोणावळ्याइतका पाऊस नाही, तरी नैऋत्येकडून येणारी झड पश्चिमेचा व्हरांडा पूर्ण भिजवते. दक्षिणेकडून डिसेंबरात येणारे कोवळे ऊन मात्र फार सुखाचे आहे, आणि सांधेदुखी असणाऱ्यांनी दक्षिणेकडे बसायची जागा मिळेल असाच भूखंड पाहावा.

महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी २०२४ साली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, न घसरणाऱ्या फरशा, जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडे अशा तरतुदी आहेत. विकासकाने बांधलेल्या इमारतीत त्यांचा आग्रह धरता येतो, परंतु भूखंड घेऊन स्वतः घर बांधणाऱ्याला त्या स्वतःच लक्षात ठेवाव्या लागतात. आमच्या कंत्राटदाराने सवयीने न्हाणीघराला अडीच फुटांचा दरवाजा बसवला होता. शस्त्रक्रियेच्या आधी तो फोडून रुंद केला, हे आमचे भाग्य.

कागदपत्रांत सातबारा, बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन (भूखंडांचा मान्य नकाशा) आणि मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल आम्ही वकिलांकडून तपासून घेतला होता. तरीही जागेवर फक्कीने आखलेली हद्द आणि मंजूर रेखांकन यांत एका बाजूने दीड फुटांचा फरक निघाला. विकासकाने आधी तो नाकारला आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून अधिकृत मोजणी झाल्यावर मान्य केला. कुंपणापूर्वी मोजणी केली म्हणून प्रकरण तेवढ्यावर मिटले.

देखभाल शुल्काकडे विशेष लक्ष द्यावे. आमच्याकडे ते बांधकामावर नव्हे, तर भूखंडाच्या क्षेत्रफळावर आकारले जाते, त्यामुळे दोन गुंठे घेणाऱ्यांच्या दीडपट रक्कम आम्ही दरमहा भरतो. शिवाय छताची गळती, रंगकाम आणि झाडांची निगा त्यात येत नाही. सदनिकेत राहणाऱ्यांना हा व्याप नाही. पत्नीच्या आजारपणात बागेसाठी माणूस ठेवावा लागला आणि त्याची शोधाशोध मीच केली.

शेवटचा मुद्दा वारसाचा. करारानुसार येथे कायम वास्तव्य फक्त साठ वर्षांवरील व्यक्तींना करता येते आणि भूखंडाची विक्रीही त्याच वयाच्या व्यक्तीस करावी लागते. आमचा मुलगा ४० वर्षांचा आहे. आमच्या पश्चात घर त्याच्या नावावर होईल, पण तो तेथे राहू शकणार नाही आणि खरेदीदारही मर्यादित असतील, घर विकले जाईपर्यंतचे देखभाल शुल्क मात्र त्याला भरावेच लागेल. ही अट आम्हाला तोंडी सांगितली गेली नव्हती, करारात मात्र ती होती, आणि आम्ही ती नीट वाचली नाही. वसाहतीतील अकरा भूखंडधारकांनी मिळून आता लेखी मागणी केली आहे की, वारसाला विक्रीसाठी दोन वर्षांची मुदत मिळावी आणि त्या काळात निम्मे शुल्क आकारावे. विकासकाने मुदतीला होकार दिला आहे. शुल्काबाबतचे उत्तर अद्याप आलेले नाही.