काटा टेबलावर होता, त्यावर चहाचा कप होता

37,400 हाँगकाँग डॉलर. म्हणजे साधारण चार लाख रुपये. एका जुन्या नाण्यापायी एवढ्याला फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गेले चार महिने मी तो लपवत आलोय. बायकोला अर्धाच सांगितला होता, ऑफिसात कुणालाच नाही. मी ऑडिटचं काम करतो, दुसऱ्यांच्या कागदांतली खोट शोधण्याचा पगार घेतो. त्यामुळे लाज दुप्पट.

पण मला नाण्यांतलं काही कळत नाही असं कुणी म्हणू नये. हाँगकाँगला अकरा वर्षं झाली, त्यातली सात वर्षं जुनी चिनी चांदीची नाणी जमवतोय. सुरुवात झाली सिचुआन रुपयापासून. आपला व्हिक्टोरिया राणीचा रुपया तिबेटात आणि पश्चिम चीनमध्ये एवढा चालायचा, की त्याला टक्कर द्यायला चिन्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हुबेहूब तसाच रुपया पाडला, राणीच्या जागी ग्वांगश्यू सम्राटाचा चेहरा घालून. ते नाणं पाहिलं आणि नाद लागला.

फसलो ते युआन शिकाईच्या, म्हणजे चीनच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाच्या, चेहऱ्याच्या चांदीच्या डॉलरवर. 1914 चा, म्हणजे प्रजासत्ताकाच्या तिसऱ्या वर्षाचा. चिनी लोक त्याला ‘युआन दा-थौ’ म्हणतात, युआनचं मोठं डोकं. 39 मिलिमीटर व्यास, 89 टक्के चांदी. माझं नाणं अस्सल आहे. वजन 26.58 ग्रॅम, चेहऱ्याच्या वर सहा अक्षरं. (1919, 1920 आणि 1921 च्या नाण्यांवर सात असतात, शेवटी ‘झाओ’ हे अक्षर वाढतं. तिसरं वर्ष आणि सात अक्षरं दिसली तर तिथून उठा.) मी ते 1,450 डॉलरला घेतलं होतं, आणि भाव रास्त होता.

मग एका ‘मूल्यांकन आणि लिलाव’ कंपनीची जाहिरात दिसली. पुढचा प्रकार तुम्हाला ठाऊकच असेल. हाँगकाँगच्या चिम साचुई भागात चौदाव्या मजल्यावर ऑफिस, काचेच्या कपाटात ड्रॅगनची नाणी, पांढरे हातमोजे घातलेला तज्ज्ञ. पहिलं मूल्यांकन फुकट. मला सारखं ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी म्हणत होता. भिंगातून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, तुमच्या नाण्यावरचं ‘युआन’ हे अक्षर (नाव नव्हे, ‘एक युआन’ या किमतीतलं) आतून त्रिकोणी आहे. अंदाजे किंमत 6,80,000 डॉलर.

आता हसण्याआधी ऐका. त्रिकोणी युआन हा प्रकार खरोखर आहे आणि त्याला साध्या नाण्यापेक्षा भाव जास्त मिळतो. मी त्याबद्दल वाचलेलं होतं. अर्धवट माहिती असलेल्या माणसालाच हे लोक बरोबर हेरतात. मी भिंग घेतलं, आणि मला ते अक्षर त्रिकोणी दिसलं. दिसावं असं वाटत होतं, म्हणून दिसलं.

ज्या क्षणी उठून यायला हवं होतं तो क्षण रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. टेबलावर छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता, त्यावर त्याच्या चहाचा कप ठेवलेला. कपाखाली ओलं वर्तुळ उमटलेलं. त्याने माझं नाणं हातात घेतलं, फोटो काढले, पण कप उचलून ते काट्यावर ठेवलं नाही. कडेवरच्या रेघाही पाहिल्या नाहीत. वजन न करता चांदीच्या नाण्याची किंमत सांगणारा माणूस! कॅट स्ट्रीटवरच्या, जुन्या वस्तूंच्या बाजारातल्या, फुटपाथवाल्याने असं केलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. इथे गालिचा होता, म्हणून गप्प बसलो.

संध्याकाळी बायको म्हणाली, “अहो, नाणं तुमचं, विकायचंय तुम्हाला. मग पैसे तुम्ही का भरायचे?” मी तिच्यावरच चिडलो.

कंपनी मागत गेली, मी भरत गेलो. कॅटलॉग आणि प्रदर्शनाचे 12,800. विमा आणि वाहतुकीचे 9,600. मग ‘परदेशी खरेदीदार ठरला, करापोटी अनामत भरा’ म्हणून 15,000. तिसऱ्या रकमेच्या वेळी मला कळलं होतं, खरं सांगतो. पण आधीचे 22,400 बुडू नयेत म्हणून भरले. नंतर खरेदीदाराने माघार घेतली, अनामत ‘नियमानुसार जप्त’.

पोलिसांकडे गेलो. दोन तास बसवलं. अधिकाऱ्याने करारनामा चाळला आणि म्हणाला, कॅटलॉग छापलाय, तुमच्या नाण्याचा फोटो त्यात आहे, सेवा मिळाली, हा दिवाणी वाद आहे. मी म्हटलं, अहो, 1,450 चं नाणं 6,80,000 चं सांगितलं! तर म्हणतो, किंमत हे मत असतं. मत? युआन शिकाईचे डॉलर कोट्यवधींनी पाडले गेले आणि चीनने 1935 मध्ये चांदी सोडेपर्यंत ते बाजारात फिरत होते. दहा मिनिटं कुणा जाणकाराला विचारलं असतं तर मत आणि थाप यांतला फरक कळला असता. ग्राहक तक्रारींच्या खात्याने फॉर्म घेतला आणि सहा आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं, की पोलिसांकडे जा. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये 75,000 पर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो, म्हणून तिकडे निघालो, तर चौदाव्या मजल्यावर आता दुसरीच पाटी आहे.

विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागितले की उठायचं. खरी लिलाव कंपनी आपलं कमिशन विक्रीतून कापते. नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीवर आणि ग्रेडच्या लेबलवर जाऊ नका, डब्याही खोट्या निघतात. सर्टिफिकेटचा नंबर टाकून त्या ग्रेडिंग कंपनीच्या साइटवरचा फोटो नाण्याच्या प्रत्येक ओरखड्याशी ताडून पाहा, कारण नंबर खरा उचललेला असू शकतो. पैसे गेल्याबरोबर 18222 ला, म्हणजे हाँगकाँग पोलिसांच्या फसवणूकविरोधी हेल्पलाइनला, फोन लावा, माझ्यासारखी लाजेपायी तीन आठवडे वाट पाहू नका. तिकडे भारतात ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखांना विकणारे हेच करतात; रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलंय की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलंही शुल्क घेत नाही. आईवडिलांना हे आजच सांगा.

नंतर एका जुन्या दुकानदाराला नाणं दाखवलं. त्याने आधी काट्यावर ठेवलं. मग भिंग. साधं युआन, म्हणाला, 1,400 देतो.

जाता जाता तो पोलीस अधिकारी एक गोष्ट बोलला होता: एकाची तक्रार म्हणजे वाद, दहा जणांची आली तर तपास. तुमच्यापैकी कुणी चिम साचुईतल्या अशा चौदाव्या मजल्यावर ‘प्रदर्शना’चे पैसे भरले असतील, तर करारनामा आणि पावत्या फाडू नका, मला कळवा. माझा तक्रार क्रमांक देतो, एकत्र जाऊ.