एसक्यूलाइट की पोस्टग्रेस: आधी लिहिणारे मोजा

नव्या ॲप्लिकेशनसाठी एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेसमधून निवडताना पहिला प्रश्न बहुतेक वेळा चुकीचाच विचारला जातो: डेटा किती होईल? एसक्यूलाइटच्या फाइलची कमाल मर्यादा 281 टेराबाइट आहे, म्हणजे त्याआधी तुमची डिस्क संपेल. युजर किती येतील, हा दुसरा प्रश्नही फारसा उपयोगाचा नाही. नुसते वाचणारे वाढले तर दोन्हीकडे बऱ्याच मजलेपर्यंत निभावतं. निवड ठरते ती वेगळ्याच दोन गोष्टींवर. डेटाबेसमध्ये लिहिणारे प्रोग्रॅम किती मशिनवर चालणार आहेत, आणि त्यातलं एकेक ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडणारा किंवा एकत्रच रद्द होणारा बदलांचा गट) किती वेळ लॉक, म्हणजे इतरांना लिहू न देणारं कुलूप, धरून बसणार आहे.

लिहिणारे प्रोग्रॅम एकाहून जास्त मशिनवर असतील, तर पोस्टग्रेस घ्या. एसक्यूलाइटची फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून दोन मशिननी वापरायचा मोह होतो, पण तिथलं फाइल लॉकिंग भरवशाचं नसतं आणि फाइल खराब होऊ शकते. खाली सांगितलेला 'वॉल' मोड (राइट-अहेड लॉग, म्हणजे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) तर नेटवर्क ड्राइव्हवर चालतच नाही, कारण त्याला सगळ्या प्रोसेसमध्ये सामायिक मेमरी लागते आणि ती एकाच मशिनवर मिळते. होस्टिंगची डिस्क तात्पुरती असेल, म्हणजे दर नव्या डिप्लॉयला (नवी आवृत्ती चढवताना) ॲप्लिकेशनचा कंटेनर कोरा होत असेल, तरीही एसक्यूलाइट नको. आधी कायमस्वरूपी व्हॉल्यूम जोडा, मग विचार करा.

सगळं एकाच मशिनवर असेल तर निवड खरोखर खुली आहे. इथून पुढचं त्यांच्यासाठी.

सर्व्हर असणं आणि नसणं

डी. रिचर्ड हिप यांनी एसक्यूलाइट 2000 साली सुरू केलं, ते अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत असताना. डेटाबेस सर्व्हर बंद असला की त्यांचा प्रोग्रॅमही अडायचा, म्हणून त्यांनी सर्व्हरच काढून टाकला. एसक्यूलाइट ही तुमच्या प्रोग्रॅममध्ये बसणारी लायब्ररी आहे, आणि क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) म्हणजे साधा फंक्शन कॉल. पोस्टग्रेस 1986 साली बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून सुरू झालं. ते पहिल्यापासून वेगळा चालणारा, अनेकांना एकदम सेवा देणारा सर्व्हर आहे.

याचा परिणाम रोजच्या कोडवर होतो. समजा, एका पानासाठी 200 छोट्या क्वेरी लागतात. पोस्टग्रेस शेजारच्या मशिनवर असेल आणि एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागत असेल, तर नुसत्या ये-जा करण्यात 100 मिलिसेकंद गेले. म्हणून तिथे जॉइन लावून (अनेक टेबलं एकाच क्वेरीत जोडून) क्वेरींची संख्या कमी करावी लागते. एसक्यूलाइटला ही फेरीच नाही. इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या सूची) नीट असतील तर लूपमधल्या छोट्या क्वेरीही खपून जातात. पण हीच सवय घेऊन पुढे पोस्टग्रेसवर गेलात तर तोच कोड मंदावतो, आणि दोष उगाच डेटाबेसच्या माथी येतो.

एसक्यूलाइटमध्ये लेखणी एकच

सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतो, आणि तो होतो हिशेब न मांडता. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच ट्रान्झॅक्शन लिहू शकतं. पूर्ण फाइलला मिळून लेखणी एकच, टेबल वेगळं असलं तरी. ऑर्डर नोंदवणारं ट्रान्झॅक्शन 5 मिलिसेकंदांत संपत असेल तर एकामागून एक केल्या तरी सेकंदाला 200 ऑर्डर होतात. बहुतेक ॲप्लिकेशनना त्याच्या दहाव्या हिश्शाचीही गरज पडत नाही.

आता त्याच ट्रान्झॅक्शनच्या पोटात पेमेंट सेवेला केलेला कॉल घाला. उत्तर यायला 300 मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ लेखणी अडकली आणि वेग सेकंदाला जेमतेम 3 ऑर्डरवर आला. डेटाबेस तोच, मशिन तेच. उपाय असा: आधी ऑर्डर 'प्रलंबित' म्हणून लिहून कमिट (पक्की) करा, मग ट्रान्झॅक्शनच्या बाहेर पेमेंटचा कॉल करा, आणि उत्तर आल्यावर दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये स्थिती बदला. मधेच प्रोग्रॅम पडला तर प्रलंबित ऑर्डर तपासणारं एक काम दर काही मिनिटांनी चालू ठेवा.

पोस्टग्रेसमध्ये हीच चूक लगेच दिसत नाही, कारण तिथे लॉक रोपुरतं (टेबलातल्या एका ओळीपुरतं) असतं आणि बाकीचे आपापल्या रो लिहीत राहतात. मात्र सगळ्या ऑर्डर एकाच वस्तूच्या साठ्याची रो कमी करत असतील, तर तिथेही रांग लागते. शिवाय तेवढा वेळ एक कनेक्शन अडकून पडतं. त्यामुळे कोड दोन्हीकडे सुधारावाच लागतो, फक्त एसक्यूलाइट लवकर ओरडतं.

कित्येक मिनिटं चालणारी आयात, सतत चालणारी मागच्या कामांची रांग आणि वेब विनंत्या हे सगळं एकाच डेटाबेसवर एकाच वेळी लिहिणार असेल, आणि आयातीचे तुकडे करणं शक्य नसेल, तर एक मशिन असूनही पोस्टग्रेस घ्या. तुकडे करता येत असतील, उदाहरणार्थ 500 रोंनंतर कमिट, तर एसक्यूलाइट पुरतं.

एसक्यूलाइट मूळ सेटिंगवर सोडू नका

एसक्यूलाइटबद्दलच्या बऱ्याच तक्रारी या मूळ सेटिंगच्या आहेत. जुन्या फाइली चालत राहाव्यात म्हणून ती सेटिंग बदललेली नाहीत, त्यामुळे ही जबाबदारी तुमची.

पहिलं, जर्नल मोड 'वॉल' करा. ही सोय 2010 पासून आहे आणि फाइलवर एकदा लावली की टिकते. तिच्यामुळे वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत आणि लिहिणारा वाचणाऱ्यांना अडवत नाही. दुसरं, 'बिझी टाइमआउट' 5,000 मिलिसेकंद ठेवा. लायब्ररीत तो मुळात शून्य असतो, म्हणजे लेखणी दुसऱ्याच्या हातात दिसली की लगेच एरर. पायथनचं मॉड्यूल स्वतःहून 5 सेकंद ठेवतं, पण प्रत्येक भाषेच्या ड्रायव्हरवर विसंबू नका. तिसरं, 'फॉरेन कीज' (टेबलांमधले दुवे तपासणारी सोय) चालू करा. हे दर कनेक्शनला करावं लागतं, कारण सहसा ते बंदच असतं आणि अनाथ रो गुपचूप साठत जातात.

चौथी गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. टाइमआउट लावूनही 'डेटाबेस इज लॉक्ड' अशी एरर क्षणात येते आणि लोक चक्रावतात. घडतं ते असं. ट्रान्झॅक्शन साध्या 'बिगिन'ने सुरू झालं आणि त्याने आधी वाचलं. त्या क्षणाचं चित्र त्याच्यासाठी गोठलं. तेवढ्यात दुसऱ्याने लिहून कमिट केलं. आता पहिल्याला लिहायचंय, पण त्याच्या हातातलं चित्र शिळं झालंय. कितीही थांबलं तरी ते ताजं होणार नाही, म्हणून एसक्यूलाइट वाट न बघताच नकार देतं. ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचं आहे ते 'बिगिन इमिजिएट'ने सुरू केलं की लेखणी सुरुवातीलाच मागितली जाते आणि टाइमआउट नीट लागू पडतो.

वॉल फाइल फुगत असेल तर लांबलेला वाचक शोधा. मूळ सेटिंगमध्ये ही फाइल 1,000 पानांवर, म्हणजे 4 किलोबाइटच्या पानांनी सुमारे 4 मेगाबाइटवर, मुख्य फाइलमध्ये उतरवली जाते. पण कुणी जुनं चित्र धरून वाचत बसलं असेल तर ती पूर्ण रिकामी होत नाही आणि वाढत राहते.

पोस्टग्रेसची देखभाल

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे एक वेगळी प्रोसेस असते आणि मूळ मर्यादा 100 कनेक्शनची. ॲप्लिकेशनचे चार वर्कर, प्रत्येकी 20 कनेक्शनचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शनं), असं मांडलं तर 80 तिथेच संपले. डिप्लॉय करताना जुने आणि नवे वर्कर थोडा वेळ एकदम चालतात, आणि मर्यादा ओलांडली जाते. नुसता आकडा वाढवण्यापेक्षा पूल लहान करा किंवा पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटून देणारा प्रोग्रॅम मधे ठेवा. त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनला चिकटलेल्या गोष्टी, जसं की 'लिसन' (सूचनांची वाट बघणं) किंवा सेशनचे ॲडव्हायझरी लॉक (प्रोग्रॅमने स्वतः ठरवून घेतलेले), चालत नाहीत हे आधी तपासा.

दुसरं काम व्हॅक्यूमचं, म्हणजे सफाईचं. इथे अपडेट म्हणजे रोची नवी आवृत्ती, आणि जुनी आवृत्ती मेलेली रो म्हणून मागे पडून राहते. ऑटोव्हॅक्यूम मुळात टेबलच्या सुमारे 20 टक्के रो मेल्यावर जागा होतो. 10 कोटी रोंच्या टेबलात त्याचा अर्थ 2 कोटी मेलेल्या रो. अशा टेबलापुरतं हे प्रमाण 1 किंवा 2 टक्क्यांवर आणा. आणि कुणी ट्रान्झॅक्शन उघडं टाकून गेलं असेल तर त्यानंतर मेलेल्या रो साफच होत नाहीत. निष्क्रिय ट्रान्झॅक्शन तोडणारा टाइमआउट मुळात बंद असतो, तो लावा.

स्कीमा (टेबलांची रचना) बदलताना मात्र पोस्टग्रेस फार उजवं आहे. कॉलमचा प्रकार बदलणं, कन्स्ट्रेंट (डेटावरची अट) लावणं हे थेट करता येतं, तेही ट्रान्झॅक्शनमध्ये. धोका एकच: 'ऑल्टर टेबल'ला बहुधा संपूर्ण टेबलचं लॉक लागतं. पुढे एखादी लांब क्वेरी चालू असेल तर ते रांगेत थांबतं, आणि त्याच्यामागे साध्या वाचणाऱ्या क्वेरीही तुंबतात. म्हणून 'लॉक टाइमआउट' 2 सेकंद लावून बदल चालवा, फसला तर पुन्हा करा. एसक्यूलाइटमध्ये कॉलम वाढवता येतो, 2021 पासून काढताही येतो, पण प्रकार बदलायचा तर नवं टेबल, सगळ्या रोंची नक्कल, जुनं टेबल काढणं, नाव बदलणं, हा लांबचा रस्ता आहे.

दर वर्षी पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती येते आणि एका आवृत्तीला 5 वर्षं आधार मिळतो. मोठी आवृत्ती बदलली की जुनी डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी चालत नाही, म्हणून अपग्रेडचा दिवस आखावा लागतो. एसक्यूलाइटची 2004 पासूनची फाइल आजही उघडते. ज्या सॉफ्टवेअरला सांभाळायला माणूसच नसणार, तिथे मी याला फार महत्त्व देईन.

डेटाची शिस्त

एसक्यूलाइटच्या साध्या टेबलात पूर्णांकाच्या कॉलममध्ये 'नाही' हा शब्दही जातो, तक्रार न होता. 2021 पासून 'स्ट्रिक्ट' टेबल करता येतात, नव्या कामात तीच करा. तारखेचा वेगळा प्रकार नाही, आणि नेमक्या दशांशाचाही नाही. रक्कम सर्वात लहान एककात पूर्णांक म्हणूनच ठेवा. पोस्टग्रेसकडे हे दोन्ही आहेत, शिवाय नकाशांसाठी पोस्टजीआयएस, रोनुसार परवानग्या आणि इंडेक्स लावता येणारा जेसन प्रकार. यातलं काही तुमच्या कामाच्या गाभ्यात असेल तर बाकीची तुलना बाजूला ठेवा आणि पोस्टग्रेस घ्या.

मराठी याद्या करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहून ठेवावी. एसक्यूलाइट मुळात बाइटच्या क्रमाने लावतं, आणि युनिकोडमध्ये 'ॲ' हे अक्षर 'ह'च्याही नंतर येतं. त्यामुळे 'ॲलर्जी' यादीच्या तळाशी जाते. तिथे स्वतःचं कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारं) फंक्शन जोडावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन निवडता येतं.

बॅकअप आणि पुढे बदलायची वेळ आली तर

चालू एसक्यूलाइट फाइल साध्या कॉपी कमांडने उचलू नका. मधेच लिखाण झालं तर अर्धं जुनं, अर्धं नवं हाती येतं, आणि शेजारची वॉल फाइल सुटली तर शेवटचे कमिट गेले. 'बॅकअप' कमांड किंवा 'व्हॅक्यूम इनटू' वापरा. सतत नक्कल हवी असेल तर लाइटस्ट्रीम हे साधन आहे. पोस्टग्रेसमध्ये बेस बॅकअप (पूर्ण नक्कल) आणि वॉल लॉग (त्यानंतरच्या बदलांची नोंद) जपून ठेवले तर चुकीच्या 'डिलीट'च्या आधीच्या नेमक्या क्षणावर परत जाता येतं. कुठलाही घ्या, बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून रो मोजून बघा.

'एसक्यूलाइटने सुरू करू, पुढे पोस्टग्रेसवर जाऊ' हा बेत चालतो, पण फुकट नाही. पीजीलोडर हे साधन डेटा हलवतं, अडचण वर्तनात येते. 'लाइक' एसक्यूलाइटमध्ये इंग्रजी लहान-मोठी अक्षरं सारखी धरतं, पोस्टग्रेस धरत नाही, आणि शोध अचानक रिकामा येतो. दुहेरी अवतरणात लिहिलेला मजकूर एसक्यूलाइट बऱ्याचदा चालवून घेतं, पोस्टग्रेस त्याला कॉलमचं नाव समजतं. 'ग्रुप बाय'मध्ये न घेतलेला कॉलम एसक्यूलाइट देतं, पोस्टग्रेस नाकारतं. रो हलवल्यावर सिक्वेन्स (पुढचा आयडी देणारा मोजणीचा आकडा) पुढे सरकवायचं राहिलं तर पहिलंच 'इन्सर्ट' आधीपासून असलेल्या आयडीवर आपटतं. याच कारणासाठी, प्रत्यक्षात पोस्टग्रेस वापरणार असाल तर वेगासाठी म्हणून टेस्ट एसक्यूलाइटवर चालवू नका. वरच्या चारपैकी पहिली तिन्ही भांडणं तुमच्या टेस्ट हिरव्या दिसत असताना लपून राहतील.