राहिलो की राहतो आहे? रत्नागिरीतील एका इंग्रजी वर्गाविषयी

रत्नागिरीत इंग्रजी संभाषणाच्या वर्गांना तोटा नाही. ज्या वर्गाविषयी येथे लिहीत आहे, तो मात्र 'फाडफाड इंग्रजी'चे आश्वासन देणाऱ्यांपैकी नव्हे. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई स्वतःच्या घराच्या पडवीत, मुख्यतः नोकरदार आणि नोकरीच्या शोधातील प्रौढांसाठी तो चालवतात. वर्गाला नाव नाही, फलक नाही. ऐकीव माहितीवरच विद्यार्थी येतात. अभ्यासक्रमाचे सर्व भाग सारखे लिहिण्याजोगे नाहीत. उच्चारांचा भाग साधारण आहे आणि पत्रलेखनाचा तर कालबाह्य झालेला आहे. परंतु 'किती काळ' हे सांगताना प्रेझेंट परफेक्ट ('हॅव' किंवा 'हॅज' लागणारा काळ) वापरावा की सिंपल पास्ट (साधा भूतकाळ), या एका प्रश्नावर बाई जेवढा वेळ देतात, तेवढा दुसऱ्या कोणत्या वर्गात दिलेला मी पाहिलेला नाही, आणि प्रस्तुत अभिप्राय प्रामुख्याने त्या भागापुरता आहे.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर केवळ व्याकरणाचा राहत नाही. जहाजावरील नोकरीची मुलाखत, आखाती देशातील कंपनीला पाठवायचा अर्ज, घरगुती निवासव्यवस्थेत उतरलेल्या परदेशी पाहुण्यांशी बोलणे, या सर्व ठिकाणी 'किती वर्षे' हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत येतो. मराठीत आपण 'मी पाच वर्षांपासून इथे काम करतो' असे सरळ वर्तमानकाळात म्हणतो. तोच वर्तमानकाळ आणि तोच 'पासून' इंग्रजीत नेला की 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य तयार होते, ज्यात काळही चुकतो आणि 'सिन्स'ही. 'सिन्स'ला सुरुवातीचा बिंदू लागतो, म्हणजे 2019 किंवा गेला गणेशोत्सव; कालावधीला 'फॉर' लागतो. जर्मन आणि फ्रेंच भाषकसुद्धा अशा ठिकाणी आपल्या भाषेत वर्तमानकाळच वापरतात आणि इंग्रजी शिकताना हीच चूक करतात, हे बाई पहिल्याच तासाला सांगून टाकतात. त्यामुळे 'आपलेच इंग्रजी कच्चे' हा न्यूनगंड बऱ्याच अंशी कमी होतो.

बाईंच्या पद्धतीचा गाभा एका प्रश्नात आहे: 'संपले, की अजून चालू आहे?' कालावधी आजपर्यंत येऊन पोहोचत असेल तर प्रेझेंट परफेक्ट आणि मागेच कुठेतरी थांबला असेल तर सिंपल पास्ट. वाक्यात 'फॉर टू मंथ्स' आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही, हे त्या मासेमारी बंदीच्या उदाहरणाने दाखवतात. पावसाळ्यात साधारणतः 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका किनाऱ्यावर असतात. जुलैच्या अखेरीस मिरकरवाडा बंदरावर उभे राहून कोणी बोलत असेल, तर त्याने 'द बोट्स हॅव बीन ॲशोअर फॉर टू मंथ्स' म्हणावे. ऑगस्टमध्ये नौका समुद्रात गेल्यानंतर त्यानेच 'द बोट्स वेअर ॲशोअर फॉर टू मंथ्स' म्हणावे. नौका त्याच, महिने तेच, 'फॉर'ही तोच. बदलले आहे ते बोलणाऱ्याचे आजचे ठिकाण.

दुसरे उदाहरण त्याहूनही चांगले आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 मध्ये रत्नागिरीत आणला गेला आणि 1916 मध्ये येथेच वारला. तेव्हा 'किंग थिबॉ लिव्ड इन रत्नागिरी फॉर थर्टी इयर्स' असेच म्हणावे लागते. तीस वर्षे हा काळ कितीही मोठा असला आणि राजवाडा आजही आपल्यासमोर असला, तरी राहणारा माणूस गेलेला असल्यामुळे 'हॅज लिव्ड' चालत नाही. राजवाड्याविषयी बोलताना मात्र 'द पॅलेस हॅज स्टूड हिअर सिन्स 1910' हे बरोबर, कारण वास्तू अजून उभी आहे. एकाच स्थळाविषयीची दोन वाक्ये, दोन काळ, आणि दोन्हींमागचे कारण विद्यार्थ्याला स्वतःच सापडते. पाठ्यपुस्तकांतील जॉन आणि मेरी यांच्या तुलनेत थिबा राजा रत्नागिरीकराच्या फार जवळचा आहे, हेही खरेच.

वर्गात प्रत्यक्ष काय घडते, याचा एक नमुना देतो. कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणाने स्वतःची ओळख करून देताना 'आय वर्क्ड इन कुवेत फॉर सिक्स इयर्स' असे सांगितले. बाईंनी ते फळ्यावर लिहिले आणि शांतपणे विचारले, "म्हणजे नोकरी सोडलीस का रे?" तो गडबडला. "नाही हो बाई, रजेवर आलोय. पुढच्या महिन्यात परत जायचंय." बाईंनी 'वर्क्ड'च्या आधी 'हॅव' लिहिला आणि म्हणाल्या, "हे अक्षर खाल्लंस तर समोरचा तुला बेकार समजेल." नियम सांगण्याआधी चुकीच्या काळामुळे ऐकणाऱ्याचा कोणता गैरसमज होईल हे दाखवणे, ही या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. आरेवारे परिसरात पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एक काकू यजमानांच्या शेजारी उभे राहून पाहुण्यांना 'वी वेअर मॅरिड फॉर ट्वेंटी-फाइव्ह इयर्स' असे सांगत असत. लग्न मोडल्याची ही बातमी पाहुण्यांनी कशी घेतली असेल, याची चर्चा वर्गात बराच वेळ रंगली.

याच काकूंमुळे आणखी एक उपयुक्त गोष्ट निघाली. पाहुणे किती दिवस राहणार हे विचारण्यासाठी त्या 'हाउ लाँग हॅव यू बीन हिअर' असे विचारत आणि नुकतीच बॅग टेकवलेले पाहुणे 'टेन मिनिट्स' असे उत्तर देत. एकूण मुक्काम विचारायचा असेल तर 'हाउ लाँग आर यू हिअर फॉर' म्हणावे लागते. येथे चक्क वर्तमानकाळ येतो, कारण प्रश्नात पुढचे दिवसही धरलेले असतात.

खलाशी मुलांसाठी हा भाग विशेष मोलाचा आहे. जहाजावरचा करार संपून माणूस साइन-ऑफ झाला की त्या जहाजापुरता काळ बंद होतो, पण दर्यावरची एकूण नोकरी चालूच असते. म्हणून 'आय वॉज ऑन माय लास्ट शिप फॉर सेव्हन मंथ्स' आणि 'आय हॅव वर्क्ड ॲट सी फॉर फोर इयर्स' ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडी, एकाच मुलाखतीत बरोबर असतात. सगळीकडे 'हॅव' लावणारा उमेदवार मागच्या जहाजावर अजून असल्यासारखे बोलतो आणि सगळीकडे सिंपल पास्ट लावणारा नोकरी सोडून घरी बसल्यासारखे.

मराठीतील 'होडी घेऊन आठ वर्षे झाली' या ठेवणीच्या वाक्यांवरचा तासही उत्तम होता. विकत घेणे ही क्रिया एका क्षणात संपते, ती आठ वर्षे चालत नाही. म्हणून 'आय हॅव बॉट धिस बोट फॉर एट इयर्स' हे इंग्रजीत बसत नाही. आठ वर्षे चालू आहे ते जवळ असणे. म्हणून 'आय हॅव हॅड धिस बोट फॉर एट इयर्स' किंवा सरळ 'आय बॉट इट एट इयर्स अगो'. 'वडील जाऊन पाच वर्षे झाली' याचेही तसेच आहे. 'हॅज डाइड फॉर फाइव्ह इयर्स' कदापि नाही. 'डाइड फाइव्ह इयर्स अगो' हे साधे आणि सभ्य. अमेरिकन मालिका पाहणाऱ्या एका मुलाने 'तिकडे तर सगळे सिंपल पास्टच बोलतात' असा आक्षेप घेतला, तेव्हा 'जस्ट' आणि 'ऑलरेडी' यांच्या बाबतीत अमेरिकन बोली तशी सवलत घेते, पण आजवर चालत आलेल्या कालावधीसाठी तिलाही परफेक्टच लागतो, असे नेमके उत्तर बाईंकडे तयार होते.

तक्रारीची जागा आहे ती छापील पुस्तिकेत. बाई तोंडी जे शिकवतात, त्याला ही पुस्तिका सरळ छेद देते. तिच्यात ठळक अक्षरांत 'फॉर किंवा सिन्स दिसल्यास हॅव किंवा हॅज वापरा' असा नियम छापला आहे. 'सिन्स'पुरता तो बहुतांशी चालतो, 'फॉर'च्या बाबतीत मात्र तो चूक आहे. थिबा राजाचे वाक्यच या नियमाने बाद होईल. रिकाम्या जागा भरण्याच्या स्वाध्यायात 'शी, मग रिकामी जागा, इन मुंबई फॉर थ्री इयर्स' असे वाक्य आहे आणि उत्तरसूचीत फक्त 'हॅज वर्क्ड' दिले आहे. ती बाई अजून मुंबईत आहे की गावी परतली, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही. शिवाय 'आय हॅव लिव्ड इन चिपळूण फॉर थ्री इयर्स' हे वाक्य एकटे उभे असताना 'आयुष्यात कधीतरी तीन वर्षे राहिलो आहे' असाही अर्थ देऊ शकते, याची पुस्तिकेत दखल नाही. तासाला गैरहजर राहून केवळ पुस्तिका वाचणाऱ्याचे नुकसान होईल, म्हणून ती नव्याने लिहावी किंवा वाटणेच थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक उणीव म्हणजे 'काल', 'गेल्या आठवड्यात' अशा शब्दांबरोबर परफेक्ट चालत नाही हा मुद्दा घाईत उरकला जातो. 'मी काल अर्ज पाठवला आहे' हे मराठीत निर्दोष असल्यामुळे 'आय हॅव सेंट द ॲप्लिकेशन यस्टरडे' असे वाक्य आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक कार्यालयीन ई-मेलमध्ये आढळते. याला पूर्ण तास हवा होता. 'हॅव बीन वर्किंग'सारख्या रूपांना दिलेला वेळ पुरेसा आहे. सराव मुलाखती मात्र फारच कमी होतात. वाट्याला येणाऱ्या तीन-चार प्रश्नांत जीभ वळत नाही.

सोयींविषयी थोडक्यात. शुल्क माफक असून दोन हप्त्यांत देता येते. पडवीवर पत्रे असल्याने मोठ्या सरीत बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे पावसाळी तुकडीत पुढे बसावे. बारावीच्या गुणांसाठी येणाऱ्यांना येथे फारसे काही मिळणार नाही. मुलाखतीची तारीख हातात असलेल्यांनी प्रवेश घेतानाच सराव मुलाखतीसाठी वेगळी वेळ मागून घ्यावी. विचारल्यास बाई रविवारी सकाळी ती देतात. पुढील तुकडी गणपती झाल्यावर सुरू होणार आहे.