शेजारी कोण राहतो? अमेरिकेतील लैंगिक गुन्हेगार नोंदणीच्या संकेतस्थळांचे परीक्षण

न्यू जर्सीत घर विकत घेताना करारनाम्याबरोबर कागदांची जी चळत येते, तिच्यात मेगनच्या कायद्याविषयीचे (लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची सरकारी यादी ठेवून तिची माहिती लोकांना देण्याचा कायदा) एक छोटे निवेदन असते. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती परिसरात राहत असेल, तर ती माहिती द्यायची की नाही आणि कशी द्यायची हे काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सरकारी वकील ठरवतो. घरविक्रीच्या एजंटाला ती मिळत नाही आणि तो तुम्हाला मिळवून देऊ शकत नाही, असे त्यात म्हटलेले असते. एडिसनजवळ आम्ही घर पाहत होतो, तेव्हा आमच्या मराठी एजंटाने नेमके त्या परिच्छेदावर बोट ठेवले. "वहिनी, सही करायच्या आधी घरी जाऊन वेबसाइट बघून घ्या. मला यातलं काही सांगता येत नाही," ते म्हणाले. त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी ही सेवा पहिल्यांदा वापरली. पुढच्या तीन वर्षांत ती मी अनेकदा वापरली, आणि या काळात तिच्याविषयीचे माझे मत बरेच बदलले.

या कामाची संकेतस्थळे दोन आहेत. एक राज्याच्या पोलिसांचे, आणि दुसरे केंद्रीय न्याय विभागाचे, ज्याला ड्रू स्जोडिन या विद्यार्थिनीचे नाव दिले आहे. २००३ साली नॉर्थ डकोटात तिचे अपहरण करून खून करणारा माणूस शेजारच्या मिनेसोटा राज्याच्या यादीत होता, आणि एका राज्याची यादी दुसऱ्या राज्यातून पाहण्याची सोय नसणे ही उणीव त्यातून ठळकपणे समोर आली. केंद्रीय संकेतस्थळाजवळ स्वतःची माहिती नाही; ते निरनिराळ्या राज्यांच्या, प्रदेशांच्या आणि मूलनिवासी जमातींच्या याद्यांमध्ये एकाच वेळी शोध घेते आणि सापडलेल्या नावावरून तुम्हाला त्या त्या ठिकाणच्या पानावर नेऊन सोडते. नावाने शोधता येते, पत्त्याभोवतीच्या परिघातही शोधता येते. शुल्क नाही, खाते उघडावे लागत नाही, अटी मान्य केल्या की काम सुरू होते. वापरण्याची सोय एवढाच निकष लावला, तर सरकारी संकेतस्थळांमध्ये हे चांगल्यांत गणले जाईल.

अडचण आहे ती समोर येणाऱ्या माहितीच्या अर्थाची. न्यू जर्सीत नोंद झालेल्यांच्या जोखमीनुसार तीन श्रेण्या केल्या जातात. कमी जोखमीच्या पहिल्या श्रेणीची माहिती पोलिसांपुरती राहते. इंटरनेटवर येतात ते तिसऱ्या श्रेणीतले आणि दुसऱ्या श्रेणीतले काही. म्हणजे शोधाचा निकाल कोरा आला, तर आसपास नोंद झालेले कोणीच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. अनेक राज्यांत मात्र श्रेणी जोखमीवरून ठरत नाही, ती गुन्ह्याच्या कलमावरून ठरते. २००६ च्या ॲडम वॉल्श या केंद्रीय कायद्याने तोच नमुना घालून दिला: कलमानुसार १५ वर्षे, २५ वर्षे किंवा आयुष्यभर नोंद, आणि वर्षातून एकदा, दोनदा किंवा चारदा जातीने हजेरी. या दोन पद्धतींतून आलेली नावे केंद्रीय संकेतस्थळावर एकाच यादीत शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यांतला फरक उलगडून सांगणारे काहीही समोर येत नाही.

एका नोंदीवर मी त्या पहिल्या रात्री बराच वेळ थांबले होते. समोरून काढलेले छायाचित्र, उंची, वजन, डोळ्यांचा रंग, खांद्यावरचे गोंदण, गाडीचा रंग आणि क्रमांक, गुन्ह्याचे थोडक्यात वर्णन, पीडित व्यक्ती अल्पवयीन होती की प्रौढ, आणि घराचा पत्ता. माणूस साठी उलटलेला, गुन्हा पंचवीस वर्षांहून जुना. मी त्याचा चेहरा लक्षात ठेवला, बाकीचा तपशील विसरून गेले. पत्त्याच्या ओळीकडे माझे लक्षच गेले नाही. तो पत्ता त्याच्या एकट्याचा नव्हता, हे मला वर्षभराने कळले. (पुढच्या प्रसंगातले काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत.)

त्याच घरात त्याचा मुलगा, सून आणि नात राहत होती, आणि ती नात माझ्या मुलीच्या वर्गात होती. तिच्या नवव्या वाढदिवसाचे आमंत्रण सगळ्या वर्गाला गेले. त्याच संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी त्या नोंदीचा स्क्रीनशॉट टाकला. खाली कोणी काही लिहिले नाही, फक्त एकेका घरातून नकार जात राहिले. वाढदिवस घरी नव्हता. तो सार्वजनिक उद्यानात होता, भर दुपारी होता, आणि आजोबा तिथे येणार नाहीत हे तिच्या आईने आमंत्रणातच लिहिले होते. ती ओळख नसलेल्या लोकांना तसे का लिहिते आहे, हे मला तेव्हा समजले नव्हते. मीही मुलीला पाठवले नाही. दुसऱ्या दिवशी त्या उद्यानावरून जाताना टेबलाच्या पायाला बांधलेले फुगे तसेच दिसले. या संकेतस्थळांच्या अटींत माहितीचा वापर करून कोणाला त्रास देणे हा गुन्हा असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते, आणि ते योग्यच आहे. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला न जाणे कुठल्याच कलमात बसत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती वर्गात परतली नाही. नंतर मी यादी पुन्हा पाहिली, तेव्हा नोंदीवर दुसऱ्या गावाचा पत्ता होता.

ज्या घटनेतून हे सगळे सुरू झाले, तिचा विसर पडू देणे मला मान्य नाही. २९ जुलै १९९४ रोजी आमच्याच राज्यात, हॅमिल्टन टाउनशिपमध्ये, सात वर्षांच्या मेगन कांकावर समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने अत्याचार करून तिचा खून केला. त्याला असल्याच गुन्ह्यांत पूर्वी दोनदा शिक्षा झाली होती, आणि तिच्या आईवडिलांना याची कल्पनाही नव्हती. आपल्याला माहीत असते तर आपली मुलगी वाचली असती, हे त्यांचे म्हणणे ऐकून कोणत्याही आईवडिलांना दुसरे काही सुचणार नाही. राज्याने तीन महिन्यांत कायदा केला आणि १९९६ मध्ये केंद्राने तसाच कायदा देशभर लागू केला. म्हणूनच या सेवेला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे की, जे वचन देऊन ती सुरू झाली ते तिने पाळले का.

त्याचे उत्तर न्यू जर्सीतच शोधले गेले. केंद्रीय न्याय विभागाच्या अनुदानातून झालेला अभ्यास २००८ साली पूर्ण झाला. या कायद्यामुळे पीडितांची संख्या कमी झाल्याचे किंवा पुन्हा अटक होण्यास अधिक काळ लागल्याचे त्यात आढळले नाही, आणि माहिती देणाऱ्या पंधरा काउंट्यांचा २००७ सालचा खर्च मात्र सुमारे ३९ लाख डॉलर होता. यामागचे कारणही मुळीच गूढ नाही. न्याय विभागाच्याच सांख्यिकी कार्यालयाने पोलिसांकडे आलेल्या प्रकरणांचा जो अहवाल २००० साली दिला, त्यात अल्पवयीन पीडितांच्या बाबतीत अनोळखी गुन्हेगाराचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. बाकीचे सगळे नात्यातले किंवा ओळखीचे. आपण नकाशावर लाल ठिपके शोधत बसतो तेव्हा काका, शिकवणीचे सर, घरोब्याचे मित्र यांच्यापैकी कोणीही त्या नकाशावर नसते.

दुसरा समज असा की, असा माणूस पुन्हा गुन्हा करणारच. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने अलास्काच्या खटल्यात नोंदणी ही शिक्षा नाही असा निर्णय देताना पुनरावृत्तीचा धोका 'भीतिदायक आणि मोठा' असल्याचे म्हटले. आदल्या वर्षीच्या निकालातून आलेले हे शब्द, आणि त्यासोबतचा ८० टक्क्यांचा आकडा, कुठून आला याचा अभ्यासकांनी पुढे माग काढला, तेव्हा तो १९८६ च्या एका लोकप्रिय मानसशास्त्रीय मासिकातल्या लेखापाशी पोहोचला. त्या लेखात एका समुपदेशकाचे विधान होते, त्याला आकडेवारीचा आधार नव्हता. २००५ मध्ये तीस राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा सांख्यिकी कार्यालयाने पुढची नऊ वर्षे मागोवा घेतला, तेव्हा लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा भोगलेल्यांपैकी ७.७ टक्क्यांना बलात्कार किंवा लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली पुन्हा अटक झाली होती. हे गुन्हे फार मोठ्या प्रमाणावर नोंदवलेच जात नाहीत, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार हे मला मान्य आहे. तरीही ८० टक्के गृहीत धरून बांधलेली व्यवस्था तशीच चालू ठेवण्यास तो आधार पुरत नाही.

कुटुंबांविषयी बोलायचे तर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नोंद झालेल्यांच्या ५८४ नातेवाइकांना प्रश्न विचारले गेले. नोकरी आणि पैशाची ओढाताण ही त्यांची सर्वांत मोठी अडचण होती, आणि शाळेत व शेजारीपाजारी मुलांना वेगळी वागणूक मिळत असल्याचे अनेकांनी सांगितले. आयुष्यभराची नोंद असलेल्या माणसाला केंद्र सरकारच्या मदतीने मिळणाऱ्या घरांत प्रवेश मिळत नाही, म्हणजे त्याला घरात ठेवायचे तर अख्ख्या कुटुंबाला ते घर विसरावे लागते. मायामी परिसरात शाळांपासून २,५०० फुटांच्या आत राहण्यास बंदी आली, तेव्हा राहण्यास जागाच न उरलेली माणसे ज्युलिया टटल कॉजवे या पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली, आणि २०१० पर्यंत ती वस्ती तिथे होती. ज्या माणसावर पोलिसांची नजर हवी, त्याला पत्ताच नसणे यात मुलांची कोणती सुरक्षितता साधते, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. २००६ मध्ये तर मेन राज्यात यादीवरून पत्ते काढून एका तरुणाने दोघांना गोळ्या घातल्या. त्यातल्या एकाचा गुन्हा असा होता की, तो स्वतः एकोणीस-वीस वर्षांचा असताना सोळावे न लागलेल्या मैत्रिणीशी त्याने संबंध ठेवले होते.

या सेवेत सुधारणा होऊ शकते, आणि काही ठिकाणी ती झालेलीही आहे. १९४७ मध्ये देशातली पहिली राज्यव्यापी नोंदणी सुरू करणाऱ्या कॅलिफोर्नियाने सरसकट आयुष्यभराची नोंद मोडून २०२१ पासून १० वर्षे, २० वर्षे आणि आजन्म अशा श्रेण्या आणल्या. मुदत संपल्यावर न्यायालयाकडे अर्ज करता येतो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अल्पवयात गुन्हा केलेल्यांवर आयुष्यभराची अपरिवर्तनीय नोंद लादणे घटनाबाह्य ठरवले. ब्रिटनमध्ये नोंदवही पोलिसांकडेच असते, आणि आपल्या मुलाच्या सहवासात येणाऱ्या एखाद्या विशिष्ट माणसाविषयी शंका असेल, तर पालक पोलिसांना विचारू शकतात. भारताने सप्टेंबर २०१८ मध्ये सुमारे ४.४ लाख नोंदींचा जो राष्ट्रीय माहितीसाठा सुरू केला, तोही तपास यंत्रणांपुरताच आहे. पुण्यातल्या माझ्या बहिणीला ही गोष्ट अपुरी वाटते. ती अमेरिकेसारखी यादी मागते. तिची काळजी मला कळते, पण मी तिला फुग्यांची गोष्ट सांगितली.

माझ्या मते ब्रिटनची पद्धत आईच्या खऱ्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते, कारण तिथे यादी चाळायची नसते, आपल्या मुलाशी संबंध असलेल्या माणसाविषयी विचारायचे असते. आमच्या संकेतस्थळांना मी पाचपैकी दोन तारे देते: एक सोपेपणासाठी, आणि एक न्यू जर्सीने जोखीम तपासून माहिती मर्यादित ठेवली आहे त्यासाठी. श्रेणी कशावरून ठरली आणि शेवटच्या गुन्ह्याला किती वर्षे झाली हे नोंदीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत यावे, आणि अल्पवयीन मुले राहत असलेल्या घराचा नेमका पत्ता न देता फक्त परिसर द्यावा, एवढे झाले तरी मी तिसरा तारा देईन.

घर घेताना ही सेवा जरूर वापरा, पण पानाचा स्क्रीनशॉट कोणाला पाठवू नका, आणि शंका असेल तर थेट स्थानिक पोलिसांना फोन करा. मी केला तेव्हा तिथल्या अधिकारी बाईंनी वीस मिनिटे शांतपणे माझे ऐकून घेतले, आणि मग माझ्या मुलीला शाळेतून कोण आणते, शिकवणीला ती कोणाबरोबर एकटी बसते, हे त्यांनी मला विचारले.